सेटरचा मास्तर होताना: साध्या लेथवरच्या टर्नरना सीएनसी शिकवण्याची तयारी

भोसरी, चाकण, वाळूज, शिरोली, अंबड अशा कुठल्याही एमआयडीसीत छोट्या शेडमध्ये शिरलं की दोन पिढ्यांची मशीनं शेजारी शेजारी दिसतात. एका बाजूला साधे लेथ, दुसऱ्या बाजूला सीएनसी (संगणकावर चालणारं) टर्निंग सेंटर. साधे लेथ एकेक करून भंगारात किंवा दुसऱ्या गावाला जातात आणि त्यावर पंधरा-वीस वर्षं हात बसलेला टर्नर मोकळा होतो. त्याला सीएनसीवर उभं करायचं तर शिकवणारा लागतो, आणि हे काम बहुधा त्याच शेडमध्ये मशीन कामासाठी जुळवून देणाऱ्या सेटरच्या किंवा सुपरवायझरच्या गळ्यात पडतं. काहींना ते आवडतं आणि पुढे तोच व्यवसाय करावासा वाटतो. त्यांना कशाची तयारी करावी लागते, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं फॅनक कंपनीच्या कंट्रोलच्या (मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या) टर्निंग मशीनची आहेत, कारण आपल्याकडच्या जॉबशॉपमध्ये (दुसऱ्यांची कामं करून देणाऱ्या शेडमध्ये) ती खूप आहेत.

आधी स्वतःचं काम सुटं करा

सेटरकडे माहिती कमी नसते. अडचण अशी की त्याचा हात इतका सराईत झालेला असतो की मधल्या पायऱ्या त्याला स्वतःलाच दिसत नाहीत. "ऑफसेट घे", म्हणजे टूलची जागा मोजून कंट्रोलला सांग, हे त्याच्या लेखी एक काम आहे. शिकणाऱ्याच्या लेखी ती सात-आठ कामं असतात आणि त्यातली दोन तरी अशी की जी चुकली तर जॉब (घडवायचा तुकडा) वाया जातो.

यावरचा उपाय जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ मध्ये, अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. कारखान्यांत नवखे कामगार लोंढ्याने येत होते आणि त्यांना शिकवायचं कसं हे मुकादमांना ठाऊक नव्हतं. म्हणून मुकादमांसाठी दहा तासांचा वर्ग आखला गेला, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचा. त्यात शिकवण्याआधी कामाची फोड कागदावर लिहून काढायला लावत. पुढे टोयोटाने हीच पद्धत उचलली आणि आजतागायत ती टिकून आहे.

कागदावर तीन रकाने आखा: काय करायचं, कशाकडे लक्ष द्यायचं, का. नमुना म्हणून एक्स (जॉबच्या व्यासाची दिशा) ऑफसेट घ्या. हॅन्डल मोडवर बारवर ०.५ मिमीचा हलका कट, साधारण १० मिमी लांबीपर्यंत. मग टूल फक्त झेडमध्ये (लांबीच्या दिशेने) मागे घ्यायचं, एक्सला हात लावायचा नाही. स्पिंडल थांबवायचं. मायक्रोमीटरने डाया (व्यास) मोजायचा. ऑफसेटच्या जॉमेट्री पानावर त्याच टूल नंबरची ओळ शोधायची आणि टूलं धरणाऱ्या टरेटवर खरंच तोच नंबर समोर आहे का ते बघायचं. एक्स आणि मोजलेला आकडा दशांश बिंदूसह टाकायचा, 'मेझर' दाबायचं. शेवटी त्याच ओळीतला जुना वेअर (नंतरच्या बारीक दुरुस्तीचा आकडा) शून्य आहे का ते पाहायचं.

'का' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच बहुतेक जण कोरा सोडतात. टूल एक्समध्ये का हलवायचं नाही? 'मेझर' दाबताना टूल जिथे उभं असेल ती जागा आणि तुम्ही टाकलेला आकडा यांची कंट्रोल सांगड घालतो. मोजायला अडचण होते म्हणून एक्स मागे घेतला असेल, तर मागची जागाच त्याला जॉबचा डाया वाटते. मग कटिंगला टूल हवेत फिरतं, जॉबला लागतच नाही. इथवर नुकसान काही नाही. पण गोंधळलेला माणूस ते जुळवायला वेअरमध्ये मोठाले आकडे भरतो, आणि खरी मोडतोड तिथून सुरू होते.

फोड लिहून झाल्यावर ती अशा माणसाला द्या ज्याने सीएनसीला कधी हात लावलेला नाही. त्याने फक्त कागद वाचून काम करायचं, तुम्ही तोंड मिटून बघायचं. तो जिथे थांबेल तिथली पायरी कागदावर नाही, असं समजा. ऑफसेट, इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा धारेचा तुकडा) बदलणं, चकचे जॉ बोअर करणं, अर्धवट थांबलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणं, अलार्म घालवणं: एवढ्या पाच फोडी तयार झाल्याशिवाय पहिला वर्ग घेऊ नका.

जुना टर्नर कोरा नसतो

नवख्या पोराला शिकवणं एका अर्थाने सोपं, कारण त्याच्या हाताला चुकीची सवय नसते. साध्या लेथवरच्या टर्नरला मेटल कटिंग तुमच्याइतकंच किंवा तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आवाजावरून टूल बोथट झालेलं ओळखणं, टूल होल्डरबाहेर किती काढावं, पातळ जॉब चकमध्ये किती आवळावा, हे त्याला सांगायला जाऊ नका. पण त्याचं काही खरं ज्ञान कार्बाइड इन्सर्टच्या जगात उलटं पडतं. तेवढ्या तीन-चार जागा नेमक्या पकडाव्या लागतात.

पहिली जागा स्पीडची. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील मिनिटाला २५-३० मीटरच्या आसपास कापायची सवय. ५० मिमी डायाला ते होतात सुमारे १६० ते १९० आरपीएम. कोटिंगवाल्या कार्बाइडला तेच स्टील मिनिटाला २०० मीटरने कापता येतं, म्हणजे साधारण १,२७३ आरपीएम. हा आकडा स्क्रीनवर पाहिल्यावर जुना माणूस हमखास ओव्हरराइड (वेग कमी-जास्त करायचं बटण) खाली ओढतो, आणि मग टूलच्या धारेवर धातू चिकटून फिनिश खराब येतो. दोष तो इन्सर्टला देतो. 'हजार गुणिले स्पीड, भागिले पाय गुणिले डाया' हे गणित फळ्यावर त्याच्याकडूनच करून घ्या, दोन्ही टूलांसाठी.

दुसरी जागा चिपच्या, म्हणजे कापून निघणाऱ्या धातूच्या, रंगाची. हायस्पीड टूलवर निळी चिप म्हणजे टूल जळायला आलं. कार्बाइडवर स्टीलची निळसर चिप म्हणजे उष्णता चिपबरोबर बाहेर चालली आहे, काम नीट चाललंय. हे तोंडी पटत नाही. कट घेऊन इन्सर्ट काढा आणि भिंगाखाली धार दाखवा.

तिसरी, शेवटचा 'हलका हात' मारायची सवय. सीएनएमजी १२०४०८ इन्सर्टचं नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८ मिमी असतं. त्याने डायावर दोन-चार शतांशाचा (०.०२-०.०४ मिमीचा) कट घेतला तर टूल कापण्याऐवजी घासतं आणि साइज एकसारखी येत नाही. फिनिशिंगला डायावर साधारण ०.५ मिमी ठेवायला सांगा. फीड (टूल सरकण्याचा वेग) फार कमी केलं तर चिप ब्रेकर काम करत नाही आणि लांबच लांब चिप चकभोवती गुंडाळली जाते, हेही त्याच वेळी दाखवून टाका.

चौथी डायलची. बऱ्याच साध्या लेथवर क्रॉस स्लाइडचा डायल टूल किती सरकलं ते दाखवतो, डाया त्याच्या दुप्पट उतरतो. म्हणून ०.०६ उतरवायचे तर हात आपोआप ०.०३ देतो. सीएनसीवर एक्सचे आकडे डायाचे असतात, ०.०६ म्हणजे ०.०६. सवयीने ०.०३ टाकला तर जॉब तीन शतांश मोठा राहतो, पुन्हा कापता येतो. म्हणून ही चूक पहिल्या दिवशी होऊ द्यावी. सांगून जे बसत नाही ते एकदा स्वतः मोजल्यावर बसतं.

जी-कोडपासून सुरुवात करू नका

बहुतेक क्लासमध्ये पहिल्या दिवशी जी००, जी०१, जी०२, जी०३ अशी टूलच्या हालचालींच्या आज्ञांची यादी उतरवून घेतात. आमच्या मते नोकरी करणाऱ्या माणसासाठी हा क्रम चुकीचा आहे. ऑपरेटरला उद्या सकाळी मशीनवर प्रोग्राम लिहायचा नसतो, तो लोड केलेला असतो. त्याला जॉब लावायचा, मोजायचा, वेअर द्यायचा आणि इन्सर्ट बदलायचा असतो. जे उद्या लागतं ते आज शिकवलं तर माणूस परवाही वर्गाला येतो.

दीड तासाच्या बारा बैठका पुरतात, म्हणजे अठरा तास. पहिल्या दोन बैठका ड्रॉइंग, एक्स-झेड दिशा आणि स्क्रीनवरची पानं यांच्या. पुढच्या तीन पूर्ण ऑफसेटच्या. सहावी इन्सर्ट बदलून पहिला जॉब साइझमध्ये आणण्याची. त्यानंतर चार बैठका प्रोग्राम वाचण्याच्या, आणि वाचता येऊ लागल्यावर लिहिण्याच्या. एक अलार्मची, शेवटची परीक्षेची.

ऑफसेटवर तीन बैठका घालवणं जास्त वाटेल, पण शिफ्टमधल्या बऱ्याचशा चुका वेअरच्या एका पानावर होतात. कागदावर वीस गणितं द्या. ड्रॉइंगला २५.०० हवा, मोजला २५.०६, किती टाकाल? उणे ०.०६. मग खरी मेख: त्या ओळीत आधीच उणे ०.१२ असेल तर? फॅनकवर 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट' या दोन वेगळ्या की आहेत. प्लस इनपुट आधीच्या आकड्यात भर घालते, उणे ०.१८ होतं, जॉब बरोबर येतो. नुसतं इनपुट दाबलं तर जुना आकडा पुसून उणे ०.०६ उरतो, टूल उलट मागे येतं आणि पुढचा जॉब २५.१२ निघतो. शिकणारा म्हणतो, "मी तर मायनस टाकलं होतं", आणि ते खरंही असतं. दशांशाची चूक याहून वाईट. ०.०६ ऐवजी ०.६ टाकला की २५ चा जॉब २४.४६ होतो आणि तो भंगारात जातो. म्हणून नियम करा: की दाबण्यापूर्वी आकडा मोठ्याने वाचायचा, दाबल्यावर त्या ओळीतला नवा आकडा पुन्हा वाचायचा.

प्रोग्राम शिकवताना पुस्तकातला नको, त्यांच्याच शेडमध्ये चालणारा घ्या. ए-३ कागदावर मोठ्या अक्षरात छापा आणि ओळ-ओळ वाचून घ्या. टूल कुठून कुठे गेलं ते ग्राफ पेपरवर पेन्सिलीने काढायला लावा. दशांश बिंदूचा धडा इथेच येतो. फॅनकवर नेहमीच्या सेटिंगमध्ये एक्स५० असं बिंदूशिवाय लिहिलं तर कंट्रोल ते ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिमी धरतो. जी०० (रॅपिड, म्हणजे जलद सरकणं) बरोबर ही चूक झाली तर टूल पूर्ण वेगाने जॉबच्या सेंटरकडे धावतं. एक पॅरामीटर बदलला तर तोच एक्स५० पन्नास मिमी होतो, आणि सीमेन्स कंट्रोलवर तो मुळातच पन्नास मिमी असतो. त्यामुळे "आमच्या आधीच्या कंपनीत चालायचं" हे वाक्य ऐकलं की कान टवकारा.

जी९६ शिकवताना जी५० सोडू नका. जी९६ एस२०० म्हणजे कटिंग स्पीड कायम, तेव्हा फेसिंगला टूल सेंटरकडे जाईल तसे आरपीएम चढत जातात. ५० डायाला १,२७३ असतील, तर १० डायाला तेच ६,३६६ होतात. जी५० एस२००० अशी मर्यादा आधी लिहिली नसेल तर स्पिंडल मशीनच्या कमाल वेगापर्यंत जातं, वेगाबरोबर जॉची पकड ढिली होते आणि जड किंवा वाकडा जॉब चकमधून सुटू शकतो. इथे गंमत नको. ही ओळ नसलेला प्रोग्राम वर्गात कुणाच्याही हातून सुरू होता कामा नये.

मशीनवर उभं करताना

एका मशीनमागे चारच जण. आठ जणांची तुकडी असेल तर चार जण मशीनवर, चार जण टेबलावर गणितं आणि मोजमाप करत, पाऊण तासाने अदलाबदल. पाचवा माणूस मशीनपाशी आला की तो बघ्या होतो.

पहिले कट ॲल्युमिनियमच्या बारवर घ्या, ३२ किंवा ४० मिमीच्या. नायलॉन स्वस्त वाटतो, पण त्याची चिप तुटत नाही, चकला गुंडाळते आणि नवखा माणूस ती हाताने ओढायला जातो. हात बसला की इएन८ स्टीलवर या.

नवा प्रोग्राम चालवताना रॅपिड २५ टक्क्यांवर किंवा त्याहून खाली, सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, अंगठा फीड होल्डवर आणि नजर 'डिस्टन्स टू गो'च्या (किती अंतर बाकी) आकड्यावर. टूल जॉबपासून ५ मिमीवर दिसतंय आणि स्क्रीन ६० मिमी बाकी सांगतेय, तर थांबवा. तेवढी एक तुलना डोळ्यांना लागली की बहुतेक क्रॅश टळतात.

दोन बटणांची नावं फसवी आहेत. 'ड्राय रन' ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण त्यात प्रोग्राममधलं फीड बाजूला पडतं आणि जॉगच्या वेगाने टूल चालतं. म्हणून ड्राय रन चकमध्ये जॉब नसतानाच. 'मशीन लॉक'मध्ये स्क्रीनवरचे आकडे हलतात, टूल हलत नाही. लॉक काढल्यावर दोन्हींचा मेळ तुटलेला असतो, तेव्हा झिरो रिटर्न केल्याशिवाय कट घ्यायचा नाही. हे पॅनलवर मराठीत लिहून चिकटवा.

दाखवताना एकच काम तीनदा करा. पहिल्यांदा फक्त पायऱ्या सांगत, दुसऱ्यांदा लक्ष कुठे द्यायचं ते सांगत, तिसऱ्यांदा कारणं सांगत. मग शिकणाऱ्याने करायचं, आणि करताना त्यानेच बोलायचं. या वेळी कीपॅडला तुम्ही हात लावायचा नाही, तुमचा हात फक्त इमर्जन्सी स्टॉपजवळ. तो चाचपडत असताना "थांबा, मी दाखवतो" म्हणायचा मोह फार होतो. तो आवरणं हे या व्यवसायातलं सगळ्यात अवघड काम आहे.

माणसं

शिकणारा तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असू शकतो. शेडमध्ये ज्याला काका किंवा मामा म्हणता, वर्गातही तेच म्हणा. बरोबरीच्याशी बाहेर अरे-तुरे असलं तरी वर्गात सगळ्यांनाच 'तुम्ही'. चूक झाली तर ती आकड्यांत सांगा, अप्रेंटिस पोरांसमोर नावाने नाही. जुना माणूस एकदा खजील झाला की वर्ग सोडत नाही, पण प्रश्न विचारायचं सोडतो, आणि ते जास्त महागात पडतं.

पंचेचाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं. वाचायचा चष्मा हातातल्या कागदासाठी असतो, स्क्रीन त्याहून लांब असते, म्हणून माणूस मान वाकडी करून अंदाजाने की दाबतो. बुद्धी कमी आहे असं समजण्याआधी चष्म्याचं विचारा. व्हर्नियरऐवजी डिजिटल कॅलिपर दिल्यानेही काहींच्या निम्म्या चुका जातात. इंग्रजी अक्षरं बहुतेकांना ओळखता येतात, अलार्मची वाक्यं मात्र अडतात. तुमच्या मशीनवर नेहमी येणारे दहा-बारा अलार्म, त्यांचा मराठी अर्थ आणि पहिलं काय करायचं, एवढा तक्ता भिंतीवर पुरतो.

वेळ पहिली पाळी सुटल्यावर ठेवलीत तर आधी चहा आणि पंधरा मिनिटं. गणितं सुरुवातीला, मशीन नंतर. आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला शेवटच्या अर्ध्या तासात कागदावर काही शिकवता येत नाही. भोसरी-पिंपरीकडे गुरुवारची साप्ताहिक सुट्टी सोयीची पडते, मशीनही रिकामं असतं.

पोटापाण्याचं

नोकरी सोडून लगेच क्लास काढू नका. पहिली पायरी आपल्याच कंपनीत आठवड्याला दोन तास मागून घेण्याची. मागण्याला आधारही आहे: १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि त्यांना शिकवणारं कुणी नसतं.

आयटीआयमध्ये शिल्प निदेशक व्हायचं असेल तर सीआयटीएस, म्हणजे निदेशकांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, करून ठेवा. मुंबईत चुनाभट्टीच्या एनएसटीआयमध्ये (राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत) तो चालतो. कायम पदाची जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो. तोवर तासिका तत्त्वावर काम मिळतं, पण सुट्ट्यांच्या महिन्यांत पैसे आटतात, तो हिशोब आधी करा. शिवाय तिथे समोर मुख्यतः पोरं असतात, नोकरी करणारी माणसं नव्हेत. सरकारी कौशल्य योजनांच्या केंद्रांत शिकवायचं तर कॅपिटल गुड्स किंवा ऑटोमोटिव्ह अशा सेक्टर स्किल कौन्सिलचं ट्रेनर प्रमाणपत्र मागतात. त्याला मुदत असते, तारीख लिहून ठेवा.

स्वतंत्रपणे करायचं तर मशीन विकत घेऊ नका. सुट्टीच्या दिवशी रिकामं असणारं मशीन तासावर भाड्याने घ्या, आणि इन्सर्ट, होल्डर, क्रॅश यांचा खर्च कुणाचा ते कागदावर आणा. कंपनीला दर सांगताना माणशी नको, तुकडीमागे सांगा. नाहीतर आठच्या तुकडीत पंधरा जण पाठवले जातात. नव्या विषयाच्या एका तासाला तयारीचे तीन तास धरा आणि ते दरात घाला.

परीक्षा कागदावर घेऊ नका. ड्रॉइंग द्या, एक इन्सर्ट मुद्दाम बदललेला ठेवा, वेअरच्या ओळीत आधीचा आकडा ठेवा, आणि दोन डाया अधिक-उणे ०.०२ मध्ये मागा. पहिला जॉब हुकला तर चालेल, दुसरा बसला पाहिजे.

महिन्याने शेडमध्ये जाऊन त्यांच्या मशीनवरचं वेअरचं पान उघडा. आकडे एक-दोन दशांशांच्या आत असतील तर काम ठीक चाललंय. एखाद्या ओळीत १.५ किंवा २ मिमी दिसला, तर त्या माणसाने इन्सर्ट किंवा टूल बदलल्यावर जॉमेट्री नव्याने घेतलेली नाही, सगळं वेअरवर ओढून नेलंय. त्याला तिसऱ्या बैठकीतली फोड घेऊन पुन्हा मशीनवर उभं करा, या वेळी त्याच्याच जॉबवर.